ग्रंथपालबाईंचं ‘आहे’

सुहासिनी खांबेटे यांना कुणी ‘लायब्ररीवाल्या बाई’ म्हटलं तर त्या ऐकून घेत, पण लक्षात ठेवत. ‘लायब्ररियन मॅडम’ म्हटलं की कपाळावर बारीक आठी येई. आणि एखाद्यानं ‘ग्रंथपाल’ म्हणून हाक मारली की त्याचं त्या दिवशी भाग्यच उजळलं म्हणायचं. नवीन आलेलं, अजून कपाटातसुद्धा न लागलेलं पुस्तक त्याच्या हातात पडे. अंबरनाथ पूर्वेच्या बऱ्याच पेन्शनरांनी हे बरोबर ओळखलं होतं आणि ते या शब्दाचा बेधडक गैरफायदा घेत.

हा शब्द त्यांना श्रीपादरावांनी दिला होता. श्रीपादराव म्हणजे वाचनालयाचे जुने कार्यवाह. सुहासिनीबाईंचे यजमान ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, त्या नव्यानंच लग्न होऊन क्वार्टर्समध्ये आल्या होत्या आणि घरात बसून कंटाळल्या होत्या. ग्रंथालयशास्त्राचा छोटा कोर्स त्यांनी केलेला होता. पहिल्या दिवशी श्रीपादरावांनी विचारलं, “तुम्ही इथे कोण?” त्या म्हणाल्या, “लायब्ररियन.” त्यावर म्हाताऱ्यानं त्यांना समोर बसवून अख्खा तास घेतला.

“लायब्ररियन हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचं मूळ झाडाच्या सालीत आहे, कारण पूर्वी ते लोक सालीवर लिहीत. ठीक आहे, त्यांची साल त्यांना लखलाभ. आपल्याकडे ‘ग्रन्थ्’ म्हणजे बांधणं, गुंफणं. ताडपत्रांना भोक पाडायचं, दोरी ओवायची, वरखाली फळी ठेवून गाठ मारायची. असं जे बांधलं, तो ग्रंथ. ग्रंथी म्हणजे गाठ, ती याच घरातली. आणि पाल म्हणजे राखणारा, सांभाळणारा. गोपाल, द्वारपाल, राज्यपाल. बघा, तुम्हाला राज्यपालांच्या पंगतीला बसवलंय. पगार मात्र त्यांच्याएवढा मागू नका.”

मग मिश्किलपणे म्हणाले, “भिंतीवरचीही पाल असते म्हणा. पोरं तेवढंच लक्षात ठेवतील.” पोरांनी ठेवलंच. अभ्यासिकेतली प्रत्येक नवी तुकडी पाठीमागून त्यांना ‘पाल’ म्हणे आणि आपणच हा विनोद शोधला अशा आनंदात राही. बाईंना त्याचं काही वाटत नसे. आपण राखणाऱ्या आहोत, हे मात्र त्यांनी श्रीपादरावांच्या त्या तासापासून अगदी मनावर घेतलं होतं. श्रीपादराव गेले, यजमान गेले, मुलगा पुण्याला स्थायिक झाला, तरी सुहासिनीबाईंचं राखणं चालूच होतं.

वाचनालय बाजारामागच्या एका दुमजली इमारतीत. खाली भाड्यानं दिलेले गाळे, वर वाचनालय. जिना चढून आलं की चपलांचं रॅक, मग बाईंचं टेबल, मागे पुस्तकांची कपाटं आणि बाजूला काचेच्या पार्टिशनपलीकडे अभ्यासिका. तिथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली सकाळपासून संध्याकाळपर्यंत मान खाली घालून बसलेली. आत येताना मोबाइल बाईंच्या टेबलाच्या खणात जमा करायचा, हा नियम. त्यावर वाद घालणाऱ्याला बाई जिना दाखवत.

दुसरा नियम पुठ्ठ्याचा. कपाटातून एखादं पुस्तक वाचकाकडे गेलं की त्याच्या जागी फळीवर पुस्तकाच्या मापाचा एक पुठ्ठा उभा करायचा, ही बाईंची जुनी पद्धत. पुठ्ठा म्हणजे पुस्तक हरवलेलं नाही, बाहेर गेलंय, परत येणार आहे. कुणी विचारलं, “ते पुस्तक आहे का हो?” की बाई फळीकडे बघत आणि पुठ्ठा दिसला की म्हणत, “आहे. बाहेर गेलंय.” हीच पद्धत त्यांनी अभ्यासिकेत नेली, कारण जागेवरून भांडणं फार होत. चहाला जाताना खुर्चीसमोर टेबलावर आपल्या नावाचा पुठ्ठा उभा करून जायचं. पुठ्ठा असेल तर ती जागा त्या माणसाची. कुणी हात लावायचा नाही. भांडणं मिटली. बाईंना स्वतःचं कौतुक वाटलं, आणि ते रास्तही होतं.

किर्ती भोईर गेल्या वर्षी तिथे येऊ लागली. बदलापूर पश्चिमेच्या बेलवलीची. तिचे वडील रघु भोईर एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामाला होते. घरच्या उरलेल्या जमिनीच्या तुकड्यात भातही लावत. ते स्वतः मुलीला घेऊन आले होते. चपला काढून, टेबलासमोर उभे राहून म्हणाले, “घरात जागा नाय असं नाय, बाई. पण घरात पोरगी पुस्तक घेऊन बसली की कुणी ना कुणी हाक मारतोच. तिचा भाऊ बोलतो, लग्न करून टाका. मी बोललो, एकदा बसू दे परीक्षेला. तलाठ्याची म्हना, बँकेची म्हना.” मग मुलगी आत जागा बघायला गेल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, “तुमच्या भरवशावर धाडतो. तुमच्या नजरेत हाय तवर येईल. नजरेआड गेली असं मला कळलं, त्या दिवशी बंद. मंग मी कुनाचं ऐकनार नाय.”

“काळजी करू नका. मी आहे ना,” बाई म्हणाल्या. म्हणताना त्यांना बरंच वाटलं. हे काम आपल्या ‘पाल’ या शब्दात बसतं, असं त्यांना वाटलं.

तेव्हापासून रोज दुपारी तीनच्या सुमाराला, कंपनीत चहाची सुट्टी झाली की वाचनालयाचा जुना लँडलाइन वाजे. “बाई, किर्ती हाय ना?” सुहासिनीबाई काचेतून बघत. खिडकीजवळची खुर्ची, निळी सॅक, कधी मुलगी, कधी पुठ्ठा. “आहे.” फोन खाली. एवढंच. किर्तीला हे सांगावं असं त्यांच्या कधी मनातच आलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं? आणि गेले काही महिने तीन वाजता खुर्चीपुढे पुठ्ठाच असतो, हेही त्यांनी पाहिलं होतं आणि पाहिलं नव्हतं. मुलं दुपारची चहाला जातातच.

त्या गुरुवारी तीनचा फोन आला तेव्हा बाई एका खिळखिळ्या पुस्तकाला खळ लावत बसल्या होत्या. “हाय ना?” त्यांनी मान वळवली. सॅक, पुठ्ठा. “आहे.” आणि बोटाला लागलेली खळ पुसत पुन्हा कामाला लागल्या.

थोड्या वेळानं खणात काहीतरी गुरगुरायला लागलं. बाईंनी खण ओढला. पिवळ्या कव्हरचा फोन. किर्तीचा. पडद्यावर ‘दादा’. वाजून वाजून थांबला. बाईंनी खण लावला. लगेच पुन्हा सुरू. थांबला. पुन्हा. दुसऱ्याचा फोन उचलायचा नाही, हाही त्यांचाच नियम. चौथ्या वेळी आजूबाजूचे फोनही त्या थरथरीनं एकमेकांवर आपटायला लागले आणि अभ्यासिकेतल्या दोनतीन माना वर झाल्या. मग एकदम शांत झालं, आणि टेबलावरचा लँडलाइन वाजला.

“मॅडम, मी जितेश. किर्तीचा भाऊ. किर्ती आहे तिकडे?”

“आहे.” तोंडातून गेलंसुद्धा.

“तिला फोन द्या.”

“अभ्यास चाललाय, फोनसाठी उठवत नाही आम्ही.”

“दोन मिनिट द्या ना मॅडम. अर्जंट आहे.”

रिसीव्हर टेबलावर ठेवून बाई आत गेल्या. खुर्ची रिकामी. वही उघडी, पेनाचं टोपण काढलेलं, बाटलीत निम्मं पाणी. आता येईल अशी सगळी मांडणी. शेजारी चैत्राली नावाची मुलगी बसली होती.

“किर्ती कुठे आहे?”

“चहाला गेली असेल, मॅडम.”

“कधी गेली?”

चैत्रालीनं पुस्तकाकडे बघत सांगितलं, “जेवण झाल्यावर.”

बाई परत फोनपाशी आल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत पलीकडून जितेश म्हणाला, “नाय ना? मला माहीत होतं. मगाशी माझ्या मित्रानं, कमलेशनं, तिला उल्हासनगरला बघितलं, कॅम्प चारला, रिक्षातून उतरून तोंडावरची ओढणी सोडताना. मी त्याला बोललो, चल रे, ती लायब्ररीत आहे. पप्पांना फोन लावला तर ते पण बोलले, मॅडमनी आत्ताच सांगितलं, आहे. मग कमलेश काय अंधा आहे काय?”

“थांबा, मी नीट बघून सांगते.”

“आता बघून सांगणार? मग मगाशी काय न बघता सांगितलं?”

फोन बंद झाला. बाई रिसीव्हर हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं, आणि वाईट हे की तो म्हणाला ते खरं होतं.

मग त्यांचं लक्ष चपलांच्या रॅककडे गेलं. किर्तीच्या सँडल तिथेच होत्या. डाव्या पायाचा पट्टा दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवलेला, बाईंना ओळखीचा. क्षणभर जीव भांड्यात पडला. म्हणजे मुलगी इमारतीतच आहे, कमलेशनं दुसरीच कुणी पाहिली. पण लगेच पुढचा प्रश्न आला. इमारतीतच आहे, तर मग कुठे आहे?

बाथरूमचं दार त्यांनी वाजवलं. आत कुणी नव्हतं. कपाटांच्या मागच्या बोळात जाऊन आल्या. खाली गाळ्यांसमोर वाकून बघितलं. मग गच्चीच्या जिन्याकडे नजर गेली आणि वरच्या दाराची कडी काढलेली दिसली. ही कडी कायम लावलेली असे. मागे एकदा निकालाच्या दिवशी एक मुलगा बराच वेळ गच्चीच्या कठड्याशी एकटाच उभा होता. तेव्हापासून कडी.

सुहासिनीबाईंचे गुडघे दुखतात. जिना त्या एरवी एकेक पायरी घेत चढतात. त्या दिवशी कशा चढल्या ते त्यांना आठवत नाही. दार ढकललं. गच्चीवर चटईवर पुस्तकं पसरलेली. ओल आलेली पुस्तकं सकाळी त्यांनीच उन्हाला घातली होती, आणि कडी लावायची राहिली होती. माणूस कुणी नव्हतं. त्या कठड्यापाशी गेल्या, डोळे मिटले, मग उघडून खाली पाहिलं. रिक्षांची रांग, भजीवाल्याची गाडी, एक बाई भाजीवाल्याशी घासाघीस करतेय. रोजचंच. बाईंनी कठडा धरला आणि तिथेच खाली बसल्या.

खाली आल्यावर त्यांनी चैत्रालीला बाहेर बोलावलं. ओरडल्या नाहीत. त्यांचा चेहरा बघून ती मुलगी आपणहून बोलायला लागली.

“मॅडम, ती सॅकमध्ये शूज आणते. ते घालून जाते. दोनला जाते, साडेचारपर्यंत येते. कुठे जाते ते खरंच नाही माहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाली, इथे तरी नको ना विचारूस.”

“कधीपासून?”

“दिवाळीच्या आधीपासून. रोज.”

रोज. म्हणजे दिवाळीच्या आधीपासून रोज तीन वाजता आपण एका बापाला खोटं सांगत आलो. बाई खुर्चीत बसल्या. समोर कपाटात ओळीनं पुठ्ठे उभे होते. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर ते कुणाकडे गेलंय आणि कधी परत यायचंय, हे लिहिलेलं असतं. माणसांच्या पुठ्ठ्यावर त्यांनी फक्त नाव लिहून दिलं होतं. तेवढ्यावर ‘आहे’ म्हणायची सवय लागली होती. पुस्तकाच्या बाबतीत ती सवय चालून गेली असती. पुस्तक बाहेर गेलं तर त्याला फार तर चहाचा डाग पडतो.

साडेचार होऊन गेले. किर्ती आली नाही. रिक्षा थांबल्याचा आवाज आला की बाई उठत, खिडकीतून बघत, पुन्हा बसत. पोलिसांत कळवावं का? काय सांगणार? एक मुलगी उल्हासनगरला गेलीय, कुणाबरोबर माहीत नाही, कशासाठी माहीत नाही, आणि तिचा फोन माझ्या खणात आहे. शेवटची गोष्ट त्यांना सगळ्यांत जास्त टोचली. आपल्या नियमानं त्या मुलीचा फोन आपण काढून ठेवला होता. तिला काही झालं असेल तर ती हाक तरी कशी मारणार?

पाचच्या पुढे जिन्यावर बुटांचा आवाज आला. रॅकपाशी कुणी थांबलं नाही. पुढे जितेश, मागे रघु भोईर, कंपनीच्या युनिफॉर्मवरच, शिफ्ट अर्धी टाकून आलेले.

“कुठाय?” जितेशनं विचारलं.

रघूनं त्याला हातानं मागे केलं. “बाई, तुम्ही आहे बोललात.”

त्या क्षणी सुहासिनीबाईंच्या जिभेवर एक खोटं अगदी तयार होतं. बाइंडिंगचं कापड त्या उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याकडूनच आणत. मीच धाडलंय तिला, कापड आणायला, माझे गुडघे दुखतात म्हणून. इतकं साधं. बाप शांत झाला असता, भाऊ गप्प बसला असता, मुलीची खुर्ची वाचली असती. वाक्य ओठांपर्यंत आलं. पण मुलगी अजून आली नव्हती. कुठे आहे ते माहीत नव्हतं. ती कुठे अडकली असेल आणि आपल्या थापेवर हे दोघे घरी जाऊन चहा पीत बसले तर?

“मी तिला पाहिलं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “मी पुठ्ठा पाहिला.”

“पुट्टा?”

त्यांनी आत जाऊन तो आणला आणि रघूच्या हातात दिला. “बाहेर जाताना मुलं हा ठेवतात. हा दिसला की मी आहे म्हणते. रोज तसंच म्हणत आले. ती दुपारी बाहेर जाते हे मला आज कळलं. चूक माझी आहे.”

रघूनं पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. “म्हंजे रोज मी फोन करायचो, आन् तुम्ही हा बघून सांगायच्या?”

“हो.”

“मी तुमच्याकडं माणूस ठेवला व्हता, बाई.”

याच्यापुढे जितेश बरंच बोलला. कमिटीत जातो, पेपरात देतो, ही लायब्ररी आहे का काय आहे. बाईंनी ऐकून घेतलं. अभ्यासिकेत आता कुणीच वाचत नव्हतं. “ओरडून काय होनार?” रघु म्हणाला, “चल, गाडी काढ, उल्हासनगर बघू,” आणि दोघं वळले, तेवढ्यात जिन्यावरून कुणीतरी पळत वर येत असल्याचं ऐकू आलं.

किर्ती वर आली. अंगात ट्रॅक पँट, पायात बूट, बुटांवर लाल माती, केस घामानं कपाळाला चिकटलेले, एक गुडघा खरचटून पँट फाटलेली. तिनं बापाला पाहिलं, भावाला पाहिलं, आणि बापाच्या हातातला आपल्या नावाचा पुठ्ठा पाहिला. श्वास तिला पुरत नव्हता.

सुहासिनीबाईंना इतकं हायसं वाटलं की त्यांनी तिचं नाव मोठ्यानं घेतलं. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. जितेशनं तिचं मनगट धरलं होतं.

“सोड तिला,” रघु म्हणाला. आणि मुलीशी एक अक्षरही न बोलता तो बाईंकडे वळला. “बाई, माझी पोरगी धडधाकट आली, म्हनून एकदा माफ. पन आता माझं ऐका. उद्यापासनं तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघून मला सांगायचं. पुट्टा नाय. मी सकाळी फोन करीन, दुपारी करीन, सांजचा करीन. तुम्ही उठून बघायचं, मंग बोलायचं. कबूल असंल तर ही उद्या येईल. नाय तर आजपासनं बंद.”

किर्ती बाईंकडे बघत होती. “म्हणजे?” ती म्हणाली. “बाई, तुम्ही यांना रोज सांगत होतात?”

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

“मला माहीतच नव्हतं.” तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. “घरी दादा विचारतो. नाक्यावर कमलेश बघतो. वाटेत कुणी ओळखीचं दिसेल म्हणून मी तोंडाला ओढणी बांधून जाते. फक्त इथे कुणी विचारत नाही, असं मला वाटत होतं.”

सुहासिनीबाईंना ते शब्द जिथे लागायला हवे तिथे लागले. दुपारपासून त्या स्वतःला एकच दोष देत होत्या, की आपण न बघता सांगितलं. बघून सांगितलं असतं तर? तर दिवाळीच्या आधीच ही मुलगी घरी बसली असती. म्हणजे चूक न बघण्यात नव्हतीच. सांगण्यातच होती. राखण्याचा त्यांना केवढा अभिमान! पण पाळणं आणि पाळत ठेवणं हे शब्द एकाच घरात राहतात, ते श्रीपादरावांनी सांगितलं नव्हतं आणि आपण कधी विचार केला नाही. आपण या मुलीला सांभाळतोय असं समजत राहिलो, आणि तिच्या घरच्यांसाठी खिडकी उघडी ठेवून बसलो.

“बोला बाई,” रघु म्हणाला. “कबूल?”

‘कबूल’ म्हटलं की खुर्ची वाचत होती. किर्तीलाही ते कळत होतं. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि त्या रागाच्या खाली स्पष्ट विनवणी होती, की म्हणा, काहीही म्हणा, पण मला उद्या येऊ द्या.

“नाही,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “सकाळी नाही, दुपारी नाही. यापुढे मी फोनवर कुणाबद्दलच सांगणार नाही. पुस्तक आहे का विचारा, सांगेन. माणसाचं मला विचारू नका.”

किर्तीचे खांदे पडले. बाईंनी ते पाहिलं. आपण आपल्या तोंडानं हिची खुर्ची घालवली, असं त्यांना वाटलं. शब्द परत घ्यावेत असंही वाटून गेलं. जितेश म्हणाला, “झालं तर! पप्पा, चला. विषय संपला.”

पण रघु हलला नाही. तो खरोखरच गोंधळला होता. “मंग मी कुनाला इचारू?” तो म्हणाला. हे त्यानं भांडायला म्हटलं नव्हतं. त्याला खरंच सुचत नव्हतं.

“ही काय, तुमच्या समोर उभी आहे.”

रघूनं पुठ्ठा टेबलावर ठेवला. मग सावकाश मान वळवून त्यानं मुलीकडे पाहिलं. आधी बुटांकडे, मग फाटलेल्या गुडघ्याकडे, मग तोंडाकडे.

“कुठं व्हतीस?”

“ग्राउंडवर.”

“कसल्या?”

“पोलीस भरतीच्या. तिथे मुलींची बॅच आहे. एक रिटायर्ड सर घेतात. रोज पळते, गोळा फेकते. आज ट्रायल होती म्हणून उशीर झाला. पडले, तरी उठून पूर्ण केलं.”

“पोलीस?” जितेश हसला. “तू?”

किर्तीनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

“आन् हे मला सांगावंसं नाय वाटलं?” रघु म्हणाला. आता त्याचा आवाज हलला होता. “तुझ्यासाठी मी घरात सगळ्यांशी भांडून तुला हितं धाडली, किर्ती. मला नाय सांगायचं?”

“तुम्ही विचारलं कधी? रोज तीन वाजता फोन करत होता. एकदा तरी मला केला का, पप्पा?”

जवळच वर्तमानपत्रं वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी एक बाक होता, त्यावर रघु बसला. कामगाराचे जाड हात त्यानं गुडघ्यांवर ठेवले. जितेश काही बोलणार तर त्याला म्हणाला, “तू खाली गाडीपाशी जा.” जितेश पाय आपटत गेला.

“बस,” रघु मुलीला म्हणाला. “बस हितं. सांग मला. पैल्यापासनं सांग.”

किर्ती बसली. सुहासिनीबाई उठल्या. टेबलाशी बसून त्यांना सगळं ऐकू आलं असतं, आणि एरवी त्यांनी ऐकलंही असतं, लक्ष ठेवायचं म्हणून. त्या अभ्यासिकेत गेल्या, काचेचं दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या बाजूला पाठ करून उभ्या राहिल्या. “काय बघताय? वाचा,” त्या मुलांना म्हणाल्या. पानं उलटण्याचा आवाज सुरू झाला, पण वाचत कुणीच नव्हतं.

बराच वेळ गेला. काचेवर टकटक झाली तेव्हा त्या वळल्या. रघु उभा होता. डोळे लाल होते. किर्ती सॅक पाठीला लावून, सँडल हातात घेऊन त्याच्या मागे.

“बाई, उद्या दुपारी ही ग्राउंडवर जानार. मी संगं जातो, बघतो कोन मास्तर हाय, कसं शिकवतो. मंग इचार करू. ते झालं की ही हितं येईल वाचायला.” तो थांबला. “फोन नाय करत मी.”

सुहासिनीबाईंच्या तोंडात सवयीनं शब्द आले होते, की काळजी करू नका, मी लक्ष ठेवते. त्यांनी ते गिळले.

“बरं,” त्या म्हणाल्या.

त्यांनी खणातून पिवळा फोन काढून पुढे केला. किर्तीनं तो घेतला. बाईंच्या डोळ्यांत तिनं पाहिलं नाही. बापाच्या मागोमाग जिना उतरून गेली. बाईंना ते लागलं. लागायलाच हवं होतं, असं स्वतःला सांगत त्या जिन्याकडे बघत राहिल्या. ही पोरगी उद्या येईल, परवाही येईल, पण आपल्यावर पुन्हा विश्वास कधी टाकेल ते आपण तिला विचारू शकत नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.